आर्मीचा जुना ट्रक घरी बनवायचाय? आधी कागद, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटने करतो. आलाय दिघोरीहून. नागपूरचा दिघोरी नाका नव्हे हं, भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली दिघोरी. आपला श्रोता म्हणतो:

"भाऊ, आर्मीचा जुना निसान भेटून राहिला. इंजिन जाम आहे, पण बॉडी कडक आहे. धानाचे पैसे आले, बाबा पण हो म्हणाले. घरीच बनवतो, मस्त हिरवा रंग मारतो, मागं कॅम्पिंगचं करतो. घेऊ का? मालक म्हणते, टोकन दे, कागद नंतर देतो."

इंजिन जाम आहे याची मला काळजी वाटली नाही. जाम इंजिन सुटतं. काळजी वाटली ती शेवटच्या पाच शब्दांची. या गाड्या घेऊन फसलेले लोक बहुतेक इंजिनामुळे फसत नाहीत. ते कामाचा क्रम चुकवतात. म्हणून आज क्रम सांगतो.

ही गाडी आहे तरी कोणती?

आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, पण तिथे गाड्या बनत नाहीत, तिथलं काम स्फोटकांचं. गाड्यांचं गाव म्हणजे जबलपूर. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' ट्रक १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला. पुढे १९६९ मध्ये तिथेच व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमान, निसान वन टन आणि जोंगा या तिन्ही गाड्या तिथल्याच.

'जोंगा' हा जपानी शब्द नाही बरं का. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. मूळ गाडी निसानची 'पॅट्रोल'. पॅट्रोल म्हणजे गस्त, पण इंजिनही पेट्रोलचंच: सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. निसान वन टनलाही त्याच घराण्यातलं इंजिन. म्हणजे हौस करण्याआधी पंपावरचा आजचा दर बघून घ्या.

पहिलं काम: कागद

सैन्याकडे असताना गाडीवर जो नंबर असतो, त्याच्या सुरुवातीला वर टोक असलेला बाण असतो. ती लष्कराची स्वतःची नोंदणी. तो नंबर आपल्या आरटीओच्या कामाचा नाही. सैन्यातून निघालेल्या गाड्या लिलावात जातात. हल्ली हे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतात. घेणारे बरेचदा व्यापारी असतात. त्यांच्याकडून गाडी दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक हातात एखादा कागद गळतो.

मुख्य कागद एकच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ नुसार, सैन्यातून निघालेल्या गाडीची नोंदणी करताना संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २१ मध्ये. झेरॉक्स नाही, मूळ. त्यावर तीन गोष्टी बघायच्या:

१. प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे? तुम्हाला विकणारा तोच आहे का? नसेल तर मधल्या खरेदी-विक्रीचे कागद कुठे आहेत?

२. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळतात का? वायर ब्रशने हलक्या हाताने गंज काढा, खडू घासा, फोटो काढा. त्या जागी ग्राइंडर कधीही फिरवू नका. नंबर पुसट झाला तर तुमचीच गाडी चोरीची ठरू शकते.

३. लिलावात ती गाडी म्हणून विकली की भंगार म्हणून? भंगार म्हणून विकलेल्या लोखंडाला रस्त्यावर आणायचं स्वप्न बघू नका.

गाडी आधीच कोणी नोंदवली असेल तर काम सोपं. आरसीवरचं नाव बघा, नंबर एमपरिवहन ॲपवर टाका, वाहनाचा प्रकार आणि फिटनेस बघा. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागेल, ती फॉर्म २८ वर. आणि टोकन देण्याआधी भंडाऱ्याच्या आरटीओत, म्हणजे आपल्या एमएच-३६ च्या ऑफिसात, कागदांचे फोटो घेऊन स्वतः जा आणि विचारा की या गाडीची नोंदणी होईल का. एक दिवस जाईल, पण हंगामाचे पैसे वाचतील. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर लागतो, तोही तिथेच विचारून घ्या.

"पण विंटेजमध्ये होईल ना?" हा प्रश्न हमखास येतो. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण ही सोय दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहे, मालवाहू ट्रकसाठी नाही. शिवाय गाडी मूळ रूपात हवी. जीप असेल तर विचार करता येईल. निसान वन टनचा ट्रक त्यात बसत नाही.

दुसरं काम: जागा आणि चाकं

समजा कागद पक्के आहेत आणि गाडी अंगणात आली. पहिला मोह होतो जॅक लावून खाली घुसायचा. थांबा. पावसाळ्यात आपल्याकडची जमीन कशी होते हे रोवणी केलेल्या माणसाला सांगायला नको. जॅक मऊ मातीत एका बाजूने बसतो आणि गाडी कलते. आधी सिमेंटचा ओटा किंवा जाड लाकडी फळ्या. गाडी उचलली की चेसिसखाली भक्कम स्टँड किंवा लाकडी ठोकळे. विटा नकोत, वीट न सांगता फुटते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

आता चाकं. हा भाग दोनदा वाचा. जुन्या ट्रकच्या रिम बरेचदा अखंड नसतात. कडेला लॉक रिंग असते, किंवा दोन अर्धे भाग नट-बोल्टने जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना ती रिंग निसटली किंवा चुकीचे नट सोडले, तर लोखंड गोळीसारखं उडतं. यात माणसं मेली आहेत. म्हणून चाकाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हचा पिन काढून हवा पूर्ण सोडायची. गंजलेली रिंग परत वापरायची नाही. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं, पाइप लांब, आणि आपण बाजूला. ही सोय घरी नसते. चाकं काढून मोठ्या ट्रकचं टायरचं काम करणाऱ्याकडे न्या. घरी करायचं नाही असं हे एक काम आहेच.

आणखी एक. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नट सुटत नाही म्हणून पान्यावर नाचण्याआधी आटे बघा.

तिसरं काम: ब्रेक

इंजिन चालू झालं की गाडी हलवायचा मोह आवरत नाही. म्हणून ब्रेक इंजिनाच्या आधी. जोंगा आणि निसानला हायड्रॉलिक ड्रम ब्रेक असतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आतून सिलिंडर गंजतात. त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर उघडायचे, सगळे रबर आणि होज नवीन घालायचे, पाइप गंजले असतील तर तेही. ऑइल डबा नवीन उघडून. 'ऑइल ते ऑइल' म्हणून इंजिन ऑइल ओतलं तर रबर फुगतात आणि ब्रेक जाम होतात किंवा लागतच नाहीत.

ड्रम उघडल्यावर आत काळी धूळ दिसेल. ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, तोंडाने तर नाहीच. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

चौथं काम: इंजिन आणि वायरिंग

जाम इंजिनवाली गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढायची आणि गिअर टाकायचा, हा आपल्याकडचा आवडता उपाय. असं करू नका, पिस्टनची रिंग किंवा कनेक्टिंग रॉड जाईल. सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि दोन-चार दिवस थांबा. मग हाताने, लांब पान्याने, थोडं पुढे, थोडं मागे. फिरायला लागलं की जुनं ऑइल काढा, नवीन भरा, रेडिएटर धुवा. अशा सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंग क्रम साधारण १-५-३-६-२-४ असतो. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावा आणि मोबाइलवर फोटो काढा.

टाकीत गंज असेल तर धुऊन घ्या. पण रिकाम्या टाकीला वेल्डिंग किंवा गॅस कटर लावायचा नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात.

वायरिंगला हात लावण्याआधी व्होल्टेज बघा. अनेक लष्करी गाड्या २४ व्होल्टवर चालतात, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. बाजारातला १२ व्होल्टचा म्युझिक सिस्टीम तिथे थेट लावला की धूर. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले तर ती आधी मरते आणि दुसरीलाही घेऊन जाते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

चालवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. फोर-व्हीलचा दांडा डांबरी रस्त्यावर टाकायचा नाही. या गाड्यांत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकत्र बांधला जातो. वळणावर दोघांना वेगळ्या वेगाने फिरायचं असतं, चिखलात चाक घसरून ते जमतं, डांबरावर जमत नाही. सगळा ताण गिअरवर येतो. बांधीच्या चिखलात टाका, रस्त्यावर आलात की काढा.

आता कस्टमाइज

इथे मन थोडं घट्ट करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ मध्ये दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'पेट्रोल परवडत नाही, डिझेल इंजिन बसवतो' असं ठरवलंत, तर आधी आरटीओची परवानगी, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद. चेसिस कापून लांब करणं, हौद्यावर पक्की खोली बांधणं, हे तर विसराच.

मग करता येतं काय? सीटवर नवीन कापड, हौद्याला ताडपत्री, उचलून ठेवता येईल असा लाकडी पलंग, पाण्याची टाकी, चुलीची पेटी, केबिनमध्ये पंखा. जे बोल्ट न कापता काढून ठेवता येतं, त्यात भांडण होत नाही. आणि मूळ वस्तू जपा. लष्करी ट्रकच्या मागच्या ॲक्सलचा गोळा पांढरा रंगवलेला असतो, वर बारीकसा दिवा असतो. रात्री ताफा दिवे बंद करून चालतो तेव्हा मागचा ड्रायव्हर तेवढाच पांढरा ठिपका बघून गाडी हाकतो. कुठल्याही एलईडी बारपेक्षा ही गोष्ट दाखवायला भारी.

आणि हिरवा रंग?

नाही. नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे. बाणाचा नंबर, पलटणीच्या खुणा, 'आर्मी' हे शब्द, सगळं काढायचं. मातकट, राखाडी, निळा, हवा तो रंग मारा आणि तो आरसीवर नोंदवा. वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण गडचिरोलीची हद्द जवळ आहे. खोटी लष्करी गाडी रात्री नाक्यावर दिसली तर तिथल्या जवानाने काय समजायचं?

दिघोरीच्या मित्राचं काय झालं?

मी त्याला एवढंच सांगितलं की टोकन देऊ नको, मूळ फॉर्म २१ आणि चेसिस नंबर यांचा एकत्र फोटो माग. आठ दिवस फोन नाही. मग त्याने दोन फोटो पाठवले. प्रमाणपत्र खरं दिसत होतं, पण चेसिस नंबरचे शेवटचे दोन आकडे वेगळे होते. एका गाडीचा कागद, दुसऱ्या गाडीचं लोखंड. विकणारा म्हणे, "आरटीओत सेट करून देतो." आपल्या मित्राने नाही म्हटलं. तीन दिवस तो बाबांशी नीट बोलला नाही, हेही त्यानेच सांगितलं.

सध्या तो दुपारी गावातल्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात बसतो. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा स्वतः ब्रेक ड्रम उघडला. धूळ ओल्या फडक्याने पुसली, असं मुद्दाम कळवलं. गाडी शोधणं चालूच आहे. तुम्हालाही अशी गाडी सापडली असेल तर टोकनच्या आधी हेच दोन फोटो मागा आणि आरटीओत दाखवून या. पुढच्या भागात भेटू.