मालाची चिठ्ठी आणि माहितीची चिठ्ठी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गोडाऊनमध्ये एकच कापड तीन नावांनी पडून होते. मुन्शीजींच्या वहीत ‘४४ पन्हा कॅम्ब्रिक’, गोडाऊनवाल्याच्या डायरीत ‘११२ सेंमी’ आणि मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये नुसता कोड नंबर. कॉम्प्युटरने माल संपल्याचे सांगितले, आम्ही नवी ऑर्डर दिली. मुन्शीजी गावाहून परतले तेव्हा कळले की चाळीस ताके आमच्याच छपराखाली होते. भांडवल अडकले ते अडकलेच!

ताक्यावरच्या चिठ्ठीवर सुताचा काउंट, रीड-पीक, पन्हा आणि मीटर लिहिलेले असतात. चिठ्ठी म्हणजे कापड नव्हे, कापडाविषयीची माहिती. कॉम्प्युटरमधल्या माहितीलाही अशीच चिठ्ठी लागते. तिला ‘मेटाडेटा’ म्हणतात.

मोठ्या कंपन्यांत माहितीचे हजारो तक्ते असतात. एका खात्याच्या लेखी नाव नोंदवलेला प्रत्येकजण ‘ग्राहक’, तर दुसऱ्याच्या लेखी प्रत्यक्ष माल घेणाराच. दोघांचे आकडे जुळणार कसे? पूर्वी चार माणसे बसवून या शब्दांचा कोश करून घेत. तो पुरा होईपर्यंत शिळा होई.

यावरचा एक उपाय अमेरिकेत निघाला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये ‘विकी’ सुरू केले. ज्याला माहिती आहे त्याने पान उघडावे आणि तिथेच दुरुस्ती करावी, ही त्यामागची कल्पना. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. २००१ मध्ये सुरू झालेला विकिपीडिया याच रीतीवर उभा आहे. पुढे कंपन्यांनीही ही रीत आपल्या घरात आणली. अमेरिकेतील लिफ्ट या टॅक्सी-सेवा कंपनीने ‘अमुंडसेन’ नावाची व्यवस्था तयार केली आणि २०१९ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचलेल्या संशोधकाचे हे नाव. तक्ता कोणाच्या ताब्यात आहे, तो कोण जास्त वापरतो, शेवटी केव्हा भरला गेला, हे सारे तिथे शोधता येते. तक्त्याचा अर्थ कर्मचारी स्वतः लिहितात. लिंक्डइनने २०२० मध्ये ‘डेटाहब’ अशीच खुली केली.

मात्र सर्वांचे काम ते कोणाचेच नाही, ही अडचण इथेही येते. म्हणून तारीख, रकान्यांची नावे अशी यांत्रिक नोंद मशीन करते आणि अर्थ माणूस लिहितो. प्रत्येक तक्त्याला एक जबाबदार माणूस नेमलेला असतो. विकीच्या पानावर कोणी काय बदलले याची नोंद राहते, म्हणून चूक झाली तरी मागे जाता येते.

आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्याला एवढा पसारा नको. मोबाईलवर सर्वांना उघडता येईल असा एक तक्ता पुरे. त्यात मालाचे नाव, बाजारात चालणारी दुसरी नावे, काउंट, पन्हा, चौरस मीटरचे वजन आणि एचएसएन नंबर असावा. वजन जरूर लिहावे. ८५ टक्के किंवा अधिक सूत असलेले कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत असेल तर ५२०८ मध्ये आणि त्याहून जड असेल तर ५२०९ मध्ये जाते. लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीखही हवी. भाव मात्र वेगळ्या वहीत ठेवावेत.

आम्ही हा तक्ता सुरू केला तेव्हा सर्वांत जास्त नोंदी मुन्शीजींनी सांगितल्या आणि मुलाने लिहून घेतल्या. तीस वर्षांचा तजुर्बा एका माणसाच्या डोक्यात होता. तो आता दुकानाचा झाला आहे.