मोत्याच्या छातीचा मत्स्यपुरुष

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं ‘कॅनिंग ज्वेल’ हे पदक जेमतेम १० सेंटिमीटर उंचीचं. वर माणूस, खाली मासा असा ग्रीक पुराणकथांतला सागरपुरुष. कसब आहे ते धडात! सोनाराने एकच मोठा वेडावाकडा मोती घेतला आणि त्याच्या नैसर्गिक फुगवट्यांनाच छाती-पोटाचे स्नायू करून टाकलं. चेहरा आणि हात पांढऱ्या मिन्याचे. सोन्याच्या शेपटीवर मीनाकाम, माणकं, हिरे. खाली लोंबते मोती.

इटलीतल्या मेदिची घराण्याने हा दागिना मुघल बादशहाला भेट दिला, ही जुनी आख्यायिका, पुरावा नाही. १८५७ च्या उठावानंतर गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगने तो हिंदुस्थानात विकत घेतला, असं सांगतात. संग्रहालयाकडे तो १९३१ मध्ये आला. पण घडवला कधी? सोळाव्या शतकाच्या अखेरीस की थेट १८५० नंतर, यावर आजही एकमत नाही. शंका रास्तच म्हणायची. एकोणिसाव्या शतकात ‘जुन्या’ दागिन्यांवर युरोपातले धनिक तुटून पडत, आणि सोनारही जुन्या धाटणीचे नवे दागिने घडवून ती मागणी पुरवत. जर्मनीतल्या आखेनचा सोनार राइनहोल्ड फास्टर्स त्यातला बिलंदर. त्याची हजारावर रेखाटनं याच संग्रहालयात जपलेली आहेत.