मिझु आणि ओयु

जपानी शिकू लागले की पहिल्या काही धड्यांतच ‘मिझु’ हे नाम भेटते आणि वहीत ‘मिझु म्हणजे पाणी’ अशी नोंद होते. ही नोंद चुकीची नाही, अपुरी आहे. मिझु म्हणजे गार किंवा साधे पाणी. तापवलेल्या पाण्याला ‘ओयु’ (मूळ शब्द ‘यु’, त्याआधी आदरार्थी ‘ओ’) हे वेगळे नाम आहे. म्हणून ‘आत्सुइ मिझु’ (गरम मिझु) हा शब्दाला शब्द जोडून केलेला प्रयोग जपानी माणसाला खटकतो.

आपल्याकडे तांदूळ आणि भात यांत असाच भेद आहे; शिजला की नाव बदलते. तरी कुकरला आपण भातच लावतो, तांदूळ नव्हे. जपानीतही पाणी तापवणे म्हणजे ‘ओयु ओ वाकासु’. चुलीवर चढतानाच त्याला ओयु म्हणतात. (यातला सुटा ‘ओ’ कर्म दाखवणारा प्रत्यय आहे.) सार्वजनिक स्नानगृहांच्या दारावरील पडद्यावर अनेकदा नुसते ‘यु’ एवढेच अक्षर असते.

उपाहारगृहात प्यायला पाणी हवे असेल तर ‘ओमिझु ओ कुदासाइ’ म्हणावे. गरम हवे असेल तर ओयु मागावे.