भट्ट्या विझल्यानंतरचे यंगस्टाऊन

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईशान्येला, क्लीव्हलँड आणि पिट्सबर्ग या दोन मोठ्या शहरांच्या साधारण मधोमध यंगस्टाऊन हे शहर वसले आहे. १९३० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १ लाख ७० हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ६० हजारांवर आली. या नव्वद वर्षांत शहरावर ना भूकंप कोसळला, ना शत्रूचे बॉम्ब पडले. तरीही दर तीन माणसांमागे जवळपास दोन माणसे उणी झाली. अमेरिकेत निवडणुकीचे वारे वाहू लागले की, उद्योग उठून गेलेल्या ज्या 'गंजलेल्या पट्ट्या'ची चर्चा रंगते, त्याचे हे सर्वांत बोलके उदाहरण.

कारखाने सगळीकडेच बंद पडतात. मग काही शहरे सावरतात आणि काही सावरत का नाहीत? बेकारी ही कामगाराच्या घरातील आपत्ती न राहता सबंध शहराची अधोगती कशी होते, हे यंगस्टाऊनच्या इतिहासातून स्पष्टपणे समजून घेता येते.

काळा सोमवार

महोनिंग नदीच्या काठाने मैलोगणती पसरलेले पोलादाचे कारखाने ही या शहराची ओळख होती. १९०० मध्ये स्थानिक भांडवलावर उभी राहिलेली 'यंगस्टाऊन शीट अँड ट्यूब' ही त्यांतील प्रमुख कंपनी. १९ सप्टेंबर १९७७ रोजी, सोमवारी, या कंपनीने आपल्या कॅम्पबेल येथील कारखान्याचा बहुतांश भाग बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे ५ हजार कामगारांची रोजी एका घोषणेने गेली. तो दिवस तेथे आजही 'काळा सोमवार' म्हणूनच ओळखला जातो. पाठोपाठ १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये 'यू. एस. स्टील'ने तेथील कारखाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. १९८२ च्या एप्रिलमध्ये या कंपनीच्या झोतभट्ट्या सुरुंग लावून पाडण्यात आल्या. काही वर्षांतच या खोऱ्यातील कारखानदारीतल्या हजारो नोकऱ्या नाहीशा झाल्या.

दोष कोणाचा?

जपान आणि युरोपातून येणाऱ्या स्वस्त पोलादाकडे बोट दाखवणे सोपे होते आणि त्यात तथ्यही होते. पण ते अर्धेच सत्य. महोनिंग नदीतून मालवाहतूक होत नसे. लोहखनिज आणायचे ते रेल्वेनेच. महासरोवरांच्या काठावरील कारखान्यांना ते जहाजाने थेट दारात मिळे. भट्ट्या जुन्या झाल्या होत्या. त्यांत नवे भांडवल घालण्याची गरज असतानाच, १९६९ मध्ये 'शीट अँड ट्यूब' ही कंपनी न्यू ऑर्लिन्सच्या 'लाइक्स' या जहाज कंपनीच्या ताब्यात गेली. कर्ज काढून झालेल्या या खरेदीनंतर पोलादातून येणारा पैसा भट्ट्यांच्या नूतनीकरणाऐवजी कर्जफेडीकडे वळला. कारखान्याचे भवितव्य ठरवणारी माणसे त्या शहरात राहत नव्हती. निर्णय दूरच्या शहरात झाला आणि त्याची किंमत महोनिंगच्या खोऱ्याने मोजली.

साखळी कशी तुटते?

पोलाद कामगाराचा पगार त्या काळी चांगला होता. त्या पगारावर किराणा दुकानदार, शिंपी, मोटारदुरुस्तीवाला, उपाहारगृह, दवाखाना असे सारे चालत. कारखान्याला सुटे भाग पुरवणारे छोटे उद्योग वेगळेच. मुख्य कारखाना बंद होताच हे सगळे दुवे एकामागून एक निखळू लागले.

दुसरा फटका महापालिकेला बसला. ओहायोतील शहरांचा मोठा आधार म्हणजे पगारावर आकारला जाणारा स्थानिक प्राप्तिकर. नोकरी गेली की त्याच महिन्यापासून पालिकेची तिजोरी आटू लागते. खर्च मात्र त्या प्रमाणात घटत नाही. दीड लाखाहून अधिक लोकांसाठी टाकलेल्या जलवाहिन्या, रस्ते आणि दिवे निम्म्या लोकांसाठीही तेवढेच राखावे लागतात. मग पोलीस आणि अग्निशमन दलात कपात होते, रस्त्यांवर खड्डे पडतात आणि राहिलेल्यांपैकी ज्यांना शक्य आहे तेही बाहेरची वाट धरतात.

तिसरा दुवा घरांचा. कामगाराची आयुष्यभराची बचत त्याच्या घरात अडकलेली असते. सगळेच विकायला निघाले की खरेदीदार उरत नाही. ज्याच्याकडे कौशल्य आणि तरुण वय आहे तो दुसऱ्या राज्यात जातो. वृद्ध, आजारी आणि घराशी बांधलेले मागे राहतात. रिकामी घरे जळतात, जाळली जातात किंवा गुन्हेगारांचा अड्डा होतात. १९९० च्या दशकात यंगस्टाऊनमधील खुनांचे प्रमाण देशातील अत्यंत वरच्या शहरांत गणले जाई.

गावाचा हक्क किती?

या खोऱ्याने निमूटपणे हार मानली नव्हती. निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंनी एकत्र येऊन कारखाना कामगार आणि नागरिकांच्या मालकीने चालवण्याची योजना मांडली. लोकांनी त्यासाठी बँकांत खास खाती उघडून पैसे ठेवले. मात्र १९७९ मध्ये केंद्र सरकारने कर्जाची हमी देण्यास नकार दिला आणि योजना कोलमडली.

'यू. एस. स्टील'विरुद्ध कामगार न्यायालयात गेले. नफा झाला तर कारखाना चालू राहील, असे व्यवस्थापनाने सांगितले होते व आम्ही त्यासाठी उत्पादन वाढवले, असे त्यांचे म्हणणे होते. इतकी वर्षे एकमेकांवर अवलंबून राहिलेल्या कारखान्यावर शहराचाही काही हक्क निर्माण होतो का, हा मूलभूत प्रश्न या खटल्यात उपस्थित झाला. १९८० मध्ये न्यायालयांनी सहानुभूती व्यक्त केली. पण असा हक्क कायद्यात नाही, असा निर्वाळा दिला. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, त्यानुसार १०० वा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना मोठ्या कपातीची ६० दिवस आधी सूचना देणे बंधनकारक झाले. सूचना मिळाली, अधिकार नाही.

तारणहारांची वाट

त्यानंतर शहराने एकेका तारणहाराकडे आशेने पाहिले. १९९७ मध्ये खासगी तुरुंग आला. रोजगाराच्या आशेने पालिकेने त्याला नाममात्र किमतीत जागा दिली. पुढच्याच वर्षी तेथून सहा कैदी पळाले. शेजारच्या लॉर्ड्सटाऊन येथील 'जनरल मोटर्स'चा १९६६ मध्ये सुरू झालेला मोटार कारखाना हा शेवटचा मोठा आधार होता. २०१९ च्या मार्चमध्ये तोही बंद झाला. तेथे विजेवर चालणारे ट्रक बनवू पाहणाऱ्या नव्या कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच २०१९ मध्ये शहराचे दीडशे वर्षे जुने दैनिक 'व्हिंडिकेटर' मूळ मालकांनी बंद केले. शेजारच्या शहरातील वृत्तपत्राने त्याचे नाव तेवढे पुढे चालवले.

राजकारणही या निराशेतून घडले. बेकार कामगारांच्या घरांवरील जप्तीच्या कागदांवर सही करण्यास नकार देऊन तुरुंगात गेलेले शेरीफ जेम्स ट्रॅफिकंट १९८४ मध्ये संसदेत निवडून गेले. २००२ मध्ये लाचखोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर सभागृहातून त्यांची हकालपट्टी झाली. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मते देणाऱ्या महोनिंग परगण्याने २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना कौल दिला. १९७२ नंतर तेथे रिपब्लिकन उमेदवाराला प्रथमच आघाडी मिळाली.

लहान होण्याचे धैर्य

या सगळ्यात एक निर्णय वेगळा ठरतो. २००५ मध्ये पालिकेने 'यंगस्टाऊन २०१०' हा आराखडा स्वीकारला. गेलेली लोकसंख्या परत येणार नाही, हे त्यात उघडपणे मान्य करण्यात आले. पडीक घरे पाडून मोकळ्या जागा राखायच्या आणि आहे त्या लोकांसाठी लहान पण नीटनेटके शहर घडवायचे, असा तो विचार होता. वाढ म्हणजेच प्रगती असे मानणाऱ्या अमेरिकेत हे धाडसच होते. पैशाअभावी अंमलबजावणी रेंगाळली आणि नंतरही लोकसंख्या घटतच राहिली. मात्र एका उद्योगाच्या पुनरागमनाची वाट पाहत बसण्यापेक्षा वस्तुस्थितीचा हिशेब मांडण्याची ही पहिली प्रामाणिक खटपट होती.

एकाच उद्योगावर उभ्या असलेल्या प्रत्येक शहराला यातून घेण्यासारखा बोध आहे. कारखान्याचा मालक कोण, तो कोठे राहतो आणि नफ्याचा किती भाग यंत्रांत परत घालतो, हे प्रश्न टाळे लागल्यावर विचारून उपयोग नसतो. ते भट्टी पेटलेली असतानाच विचारावे लागतात.