खोट्या माशांची खरी परीक्षा

मुलांनो, साडेतीनशे रुपये म्हणजे किती? कुणी म्हणेल, फार नाहीत. पण ते साठवायला ज्याला गणपतीपासून शिमग्यापर्यंत वेळ लागला, त्याला विचारा! माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाने ते साठवले होते. कशासाठी? तर एका माशासाठी. आणि तो मासाही खोटा, प्लॅस्टिकचा!

मी मूळची सोलापूरकडची. मालवण तालुक्यातल्या समुद्रकाठच्या शाळेत नोकरीला आले, तोवर समुद्रातला मासा मी फक्त चित्रात पाहिलेला. आमच्या या गावात गळाने मासे पकडण्याला ‘गरवणं’ म्हणतात आणि गळाला ‘गरी’. या मुलाचे वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत. ते आठ-आठ दिवस घरी नसतात. मग शाळा सुटली की हा गरी घेऊन किनाऱ्यावर जातो. काही मिळालं तर घरी कालवण होतं, नाही मिळालं तर पिठी-भात.

एक दिवस तो मला म्हणाला, “बाई, मालवणात दुकानात एक खोटो मासो टांगलोहा. साडेतीनशे रुपये. तो घेव काय? जिताडो नक्की लागतलो!”

आता काय सांगायचं? ‘घे’ म्हणावं, तर पैसे वाया जायची भीती. ‘नको’ म्हणावं, तर कशाच्या आधारावर? शेवटी म्हटलं, “आपण या खोट्या माशांचीच परीक्षा घेऊ या. जो पास होईल तो घे.”

खोटा मासा कशाला हवा?

तुम्ही विचाराल, गळाला खरी कोळंबी लावली की झालं, खोटा मासा कशाला? त्याचं असं आहे. वाळूवर उभं राहून, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गळ फेकायचा असतो. मऊ कोळंबी जोरात फेकली की पुष्कळदा हवेतच सुटून जाते. शिवाय जिताडा, तांबोशी, रावस, सुरमई हे शिकारी मासे. पळणारं भक्ष्य दिसलं की ते त्याच्यावर झडप घालतात. म्हणून पळणाऱ्या बोय किंवा तारलीसारखी दिसणारी वस्तू फेकायची आणि रिळावर दोरी गुंडाळत ती आपल्याकडे ओढत आणायची. दुकानात हिला ‘ल्यूर’ म्हणतात.

गावातला एक माजी विद्यार्थी सुट्टीत हौसेने गरवायला येतो. त्याच्याकडून आम्ही तीन नमुने मागून आणले. परीक्षेला बसलेले हे उमेदवार पाहा.

पहिला उमेदवार: चमचा

हा म्हणजे धातूचा लांबट, चकचकीत तुकडा. याची एक मजेदार गोष्ट सांगतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ज्युलिओ ब्यूएल नावाचा मुलगा होडीत बसून जेवत होता. हातातला चमचा तळ्यात पडला. तो लकाकत खाली जात असताना एका मोठ्या माशाने गपकन तोंडात धरला म्हणे! गोष्ट खरी असो वा नसो, पण 1852 साली ब्यूएलने अशा गळाचं पेटंट घेतलं, हे मात्र नक्की. म्हणून आजही याला चमचाच म्हणतात.

दुसरा उमेदवार: कडक मासा

हा लाकडाचा किंवा पोकळ प्लॅस्टिकचा. पोटाखाली तीनतोंडी गळ आणि हनुवटीला पारदर्शक जीभ. दुकानातला तो साडेतीनशेवाला यातलाच. फिनलंडमधल्या लाउरी रापाला या गरीब कोळ्याने 1936 साली असा मासा बुचाच्या लाकडातून चांभाराच्या सुरीने कोरला. चमक यावी म्हणून चॉकलेटची चांदी लावली आणि पाणी शिरू नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. तळ्यातल्या माशांकडे तासन् तास बघून त्याला कळलं होतं, की मोठा मासा घोळक्यातल्या लंगडत पोहणाऱ्या छोट्या माशालाच आधी धरतो. म्हणून त्याने आपला मासाही लंगडता केला!

तिसरा उमेदवार: रबरी मासा

मऊ, लवचीक अंग आणि मागे पंख्यासारखी शेपटी. डोकं शिशाचं, आणि त्यातूनच निघालेला एकच गळ पाठीवर वर येतो. अंग फाटलं तर तेवढंच बदलायचं. डोकं तेच राहतं.

पहिला पेपर: लांब कोण जातो?

सगळ्यांचे गळ काढून टाकले. ओहोटीचा रिकामा किनारा गाठला. एकच काठी, एकच दोरी, फेकणारा मुलगाही एकच. पहिला चमचा फेकणार, तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी ओरडली, “बाई, वजन खंय सारख्या आसा?”

मी गप्पच झाले. खरंच की! जड वस्तू लांब गेली, तर त्यात तिच्या आकाराचं कौतुक काय? मग वाण्याच्या काट्यावर वजनं केली. डब्यातून शोधून साधारण 28 ते 30 ग्रॅमचे तिघं निवडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. प्रत्येकाला पाच संधी दिल्या. मुलांनी पावलं मोजली. चमचा सुमारे 80 पावलं गेला, रबरी मासा 62, आणि कडक मासा 48.

असं का? दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहतो. म्हणजे आम्ही वाऱ्याच्या तोंडावर फेकत होतो. धातू घट्ट, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा चमचा आकाराने लहान होतो आणि वारा कापत जातो. पोकळ मासा फुगीर. वारा त्याला अडवतो आणि तो हवेतच कोलांट्या खातो. पहिल्या पेपरात चमचा पहिला!

दुसरा पेपर: पोहतो कसा?

हा पेपर आम्ही जेटीजवळच्या नितळ पाण्यात घेतला. चमचा ओढला की दोन्ही बाजूंना हेलकावतो आणि आरशासारखा लखलखतो. पण ओढणं थांबवलं की सरळ तळाला जातो. कडक माशाच्या जिभेवर पाणी आदळतं, त्यामुळे तो खाली बुडी मारतो आणि अंग थरथरवत पळतो. ओढणं थांबवलं, की आमच्याकडचा हा मासा हळूच वर तरंगायचा. (काही कडक मासे बुडणारेही असतात, बरं का!) रबरी मासा सगळ्यांत हळू ओढला तरी त्याची शेपटी फटफट हलत राहते.

आता गंमत पाहा. शिकारी मासा हे सगळं नुसत्या डोळ्यांनी पाहत नाही. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. या रेघेवरच्या बारीक अवयवांना पाण्यातली थरथर कळते. पावसात खाडीचं पाणी गढूळ झालं की चकाकी कोण पाहणार? तिथे थरथरणारं अंग आणि फडफडणारी शेपटी कामाला येते. नितळ पाण्यात आणि उन्हात मात्र चमच्याची ऐट.

आणि रंग? दुकानात लालभडक मासे फार छान दिसतात. पण पाण्यात खोल जाताना लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो आणि काळपट दिसू लागतो. म्हणून नुसत्या रंगाला भुलायचं नाही. या पेपरात तिघेही पास, पण प्रत्येकाचा विषय वेगळा!

तिसरा पेपर: जागा कोणती?

या पेपराला परीक्षक म्हणून आम्ही गावातले एक आबा बोलावले. पन्नास वर्षं गरवणारा माणूस! त्यांनी आम्हाला वाळूवर नेलं आणि विचारलं, “लाट खंय फुटता ता बघा.” नीट पाहिल्यावर कळलं, लाट सगळीकडे सारखी फुटत नाही. पाण्याखाली वाळूचा बांध असेल तिथे फेस होतो. बांध आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट घळ असते. तिथलं पाणी जरा गडद दिसतं. लहान मासे त्या घळीतून ये-जा करतात आणि मोठे त्यांच्यावर टपून असतात.

मग तिघांची वाटणी झाली. उघडा वाळूचा किनारा, समोरून वारा आणि घळ लांब असेल तर चमचा. घळ जवळ आणि पाणी उथळ असेल तर तरंगता कडक मासा. खडक आणि खाडीचं तोंड असेल तर रबरी मासा, कारण त्याच्या गळाचं टोक वर असतं आणि तो दगडात कमी अडकतो. कडक माशाच्या पोटाखालचे तीनतोंडी गळ खडकाला धरून बसतात. मग दोरी तुटते आणि साडेतीनशे रुपये समुद्राला!

“आणि तू गरवतंस खंय?” आबांनी मुलाला विचारलं.

“खाडीच्या तोंडार. खडपार.”

आबा हसले. म्हणाले, “माशाक किंमत कळणा नाय रे!”

एक पेपर मी नापास झाले

आता माझी फजिती सांगते. तीनतोंडी गळात अडकलेली दोरी मी नुसत्या हाताने सोडवायला गेले. दोरीला झटका बसला आणि गळ अंगठ्यात रुतला. गळाला उलटा काटा असतो, तो आत जातो पण बाहेर येत नाही. दवाखान्यात जाऊन काढावा लागला. तेव्हापासून आमचा नियम झाला: गळ सोडवताना पक्कड वापरायची आणि उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकायचा. फेकताना मागे कुणी उभं नाही ना, ते वळून बघायचं. शिशाचा तुकडा दातांनी कधीच दाबायचा नाही, कारण शिसं विषारी असतं. आणि खडकावर मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. समुद्राला पाठ दाखवायची नाही, हे तर आबा रोज बजावतात.

तुटलेली दोरीही गोळा करून आणायची. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात, कासवंही गुरफटतात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हे तुम्ही वाचलंच असेल.

निकाल

तर मुलाने काय घेतलं? त्याने शिशाची दोन डोकी आणि रबरी माशांचं एक पाकीट घेतलं. वर पैसे उरले ते आईकडे दिले. “दुकानातलो तो मासो अजून टांगलोहा,” एवढं मात्र मला दोनदा सांगून झालं!

तुम्हाला वाटेल, लगेच मोठा जिताडा लागला असेल. छे! पहिल्याच दिवशी एक डोकं खडकात गेलं. मुलाचा चेहरा पाहवत नव्हता. मी त्याला एक वही दिली. तारीख, भरती की ओहोटी, पाणी नितळ की गढूळ, काय लावलं, काय मिळालं, असे रकाने पाडून दिले. भरती दररोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, हेही त्याला त्या वहीतूनच नीट कळलं. ‘काय मिळालं’ या रकान्यात आठ दिवस एकच शब्द होता: ‘नाय’.

नवव्या दिवशी एक जिताडा लागला. वीतभराचा. त्याने तो सोडून दिला. घरी आजी वाट पाहत होती, तरीही सोडला. कारण वर्गात आम्ही वाचलं होतं, की जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. काय, खरं वाटत नाही ना? पण खरंच आहे! म्हणजे लहान जिताडे सगळे संपवले, तर पुढे अंडी घालायला माद्या कुठून यायच्या? 2023 साली महाराष्ट्र शासनानेही अनेक जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासे पकडायचे नाहीत.

आणि अकराव्या दिवशी, भरती चढताना, गढूळ पाण्यात, रबरी माशाला हातभर लांब तांबोशी लागली. दुसऱ्या दिवशी डब्यातून माझ्यासाठी तिचा एक तुकडा आला. मी सोलापूरकडची, पण तो तुकडा अगदी काट्यापर्यंत साफ केला! वहीतल्या त्या ओळीखाली त्याने दोन रेघा ओढल्यात. वर ‘नाय’च्या ओळी आहेत, त्याही त्याने खोडलेल्या नाहीत.

करून पाहा

तुमच्या गावाला समुद्र नाही? हरकत नाही. एक मोठी बादली किंवा पाण्याची टाकी घ्या. एक स्टीलचा चमचा, एक झाकण लावलेली रिकामी छोटी प्लॅस्टिकची बाटली आणि एक रबरी पट्टी घ्या. प्रत्येकाला दोरा बांधा आणि एकेक करून पाण्यातून ओढा. कोण हेलकावतं? कोण तरंगतं? कोण बुडतं? मग पाण्यात थोडी माती कालवा आणि पुन्हा बघा, कोण दिसेनासं होतं. गळ मात्र कशालाही लावायचा नाही! आणि जे दिसलं ते वहीत लिहा. काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा.