अकरा सेकंदांचे विमान

"विमानाचा शोध कोणी लावला?" हा प्रश्न आम्ही आमच्या शिक्षकीच्या काळात किती विद्यार्थ्यांस घातला असेल, याची गणती नाही. "राइट बंधूंनी, १९०३ साली," असे उत्तर आले की आम्ही पूर्ण गुण देत असू. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु झाड कोणी लावले एवढेच विचारावे आणि बी कोठून आले याची चौकशीही करू नये, तसा तो प्रकार होता, हे आम्हांस आता निवृत्तीनंतरच्या निवांत वाचनात उमगले. त्या बीजाची हकीकत प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे. ती एका पंगू तरुणाची आहे. त्याचे नाव आल्फोन्स पेनो.

पेनोचा जन्म १८५० साली पॅरिस शहरी झाला. वडील फ्रेंच आरमारात अ‍ॅडमिरलच्या हुद्द्यावर होते. अशा घरातील मुलाने समुद्रावर जावे हे ठरल्यासारखेच. परंतु कंबरेच्या सांध्याच्या विकाराने त्यास कुबड्यांवाचून चालणे कठीण झाले आणि आरमाराचे दार बंद झाले. ज्यास जमिनीवर धड पाऊल टाकता येत नव्हते, त्याने आपली दृष्टी आकाशाकडे वळविली. ह्यात कवित्व नाही, ही सरळ हकीकत आहे. विशीच्या आतबाहेर असतानाच त्याने उड्डाणशास्त्राचा अभ्यास आरंभिला.

त्या वेळी ह्या शास्त्राची स्थिती काय होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. वायूने भरलेले फुगे आकाशात चढू लागून शतक होत आले होते. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा फ्रेंच लोकांनी फुग्यांतून टपाल आणि माणसे वेढ्याबाहेर धाडली. गांबेता हा मंत्रीही त्याच मार्गाने निसटला. परंतु फुगा वारा नेईल तिकडे जाणार. शहराबाहेर पडणे साधे, फुग्यातून शहरात परत येणे जवळजवळ अशक्य. हवेहून जड असे यंत्र आपल्या बळावर व आपल्या इच्छेने उडेल काय, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक शहाणे लोक नकारार्थीच देत.

पेनोने प्रथम हात घातला तो खेळण्याला. फिरत्या पात्यांचे उडते खेळणे युरोपात पूर्वीच माहीत होते; १७८४ साली लोनॉय व ब्यँव्हेन्यू ह्या दोघा फ्रेंचांनी धनुष्याच्या ताणावर चालणारे असे यंत्र करून दाखविले होते. पेनोने १८७० साली धनुष्य काढून टाकले आणि त्या जागी रबराची पट्टी बसविली. पट्टीस पीळ भरावयाचा व सोडून द्यावयाचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो. रबराचा पीळ त्याहून उदार. घेतलेला पीळ तो बहुतांशी परत देतो, आणि त्याचे स्वतःचे वजन जवळजवळ नाहीच. आज मुलांच्या हातांतील कागदी व लाकडी विमाने ज्या रबरावर उडतात, त्याचा मूळ पुरुष हा.

पुढल्याच वर्षी त्याने खरे विमान केले. लांबी सुमारे ५० सेंटीमीटर, पंखांचा विस्तार ४५ सेंटीमीटर, वजन अवघे १६ ग्रॅम. मध्ये एक काठी, तिच्या खाली पिळलेले रबर, पुढील भागी पंख, त्यामागे लहानसे शेपूट आणि अगदी टोकाशी ढकलणारा पंखा. १८७१ च्या ऑगस्ट महिन्याची १८ तारीख होती. पॅरिसमधील त्युलरीच्या उद्यानात, ह्या विद्येत रस घेणाऱ्या मंडळींसमोर त्याने ते सोडले. तीनच महिन्यांपूर्वी, मे महिन्यातील यादवीत, उद्यानालगतचा राजवाडा जळाला होता आणि त्याच्या भिंती अजून उभ्या होत्या. त्या भग्नावशेषांशेजारी ते १६ ग्रॅमचे विमान ११ सेकंद उडाले आणि सुमारे ४० मीटर अंतर कापून खाली आले.

अकरा सेकंदांत एवढे काय झाले, असे वाचक विचारतील. झाले ते असे की, ते विमान डगमगले नाही. पंख हवेत उचलून धरतात, हे पुष्कळांस ठाऊक होते. परंतु उचलले गेल्यावर नाक वर जाऊन विमान मागे कलंडावे किंवा नाक खाली जाऊन आपटावे, हे नित्याचेच. बैलगाडीत ओझे मागे सरकले की गाडी उलाळ होते आणि पुढे सरकले की बैलांच्या मानेवर भार येतो. गाडीवान उतरून ओझे सारखे करतो. हवेतील गाडीत ओझे सारखे करणार कोण? पेनोने ते काम शेपटाकडे सोपविले. शेपटाचा कोन त्याने पंखांच्या कोनाहून किंचित कमी ठेवला. नाक वर गेले की हवा शेपटास खालून उचलते व नाक पुन्हा खाली येते. नाक झुकले की शेपूट दबते आणि नाक सावरते. पंखांची टोके त्याने थोडी वर वळविली होती, त्यामुळे विमान बाजूस कलले तरी आपोआप सरळ होई. इंग्लंडातील सर जॉर्ज केली ह्यांस हे तत्त्व पूर्वीच सुचले होते. परंतु स्वतःच्या शक्तीने उडणाऱ्या यंत्रात त्याचा रोकडा प्रत्यय त्युलरीच्या उद्यानात आला. पेनोने त्यामागील गणितही लिहून प्रसिद्ध केले. १८७५ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याच्या अभ्यासाची दखल घेऊन त्यास पारितोषिक दिले.

येथवर सारे सुरळीत झाले. खेळणे होते तोवर लोकांनी कौतुक केले. त्याने मोठे होऊ पाहिले तेव्हा अडचण आली.

१८७६ साली पेनोने पोल गोशो ह्या कारागिराच्या साहाय्याने माणसे नेणाऱ्या विमानाचा आराखडा करून त्याचे पेटंट घेतले. दोन माणसे बसावीत, जमिनीवरून तसेच पाण्यावरूनही उडावे, असे ते यंत्र होते. त्यात काय नव्हते? पुढे दोन पंखे, उड्डाणानंतर आत ओढून घेता येणारी चाके, चालकाच्या डोक्यावर काचेचे छत, आणि वरखाली व डावीउजवीकडे वळण्यासाठी दोहों सुकाणूंस जोडलेला एकच दांडा. वजन सुमारे बाराशे किलो व वेग ताशी ६० मैल असा त्याचा अंदाज होता. पुढील साठ वर्षांत विमानांना जे अवयव एकेक करून फुटले, त्यांतील कित्येक ह्या एका कागदावर आधीच रेखाटलेले होते.

परंतु कागदास प्राण नव्हता. त्या काळी वाफेचे यंत्र तेवढे हाताशी होते, आणि विमानास झेपेल इतके हलके व जोरदार यंत्र कोणापाशीही नव्हते. ते घडवावयाचे तर पैसा हवा, आणि पैसा देणारा कोणी पुढे येईना. टीका करणारे मात्र पुष्कळ भेटले. व्याधी वाढत होती. शेवटी त्याने आशेने पाहिले ते आंरी जिफार ह्याच्याकडे.

जिफार हा सामान्य धनिक नव्हे. १८५२ साली वाफेच्या यंत्राने चालणारा फुगा पॅरिसहून त्यानेच उडविला होता. बाष्पयंत्राच्या बॉयलरमध्ये पाणी घालण्याच्या त्याच्या युक्तीने त्यास अलोट संपत्ती मिळवून दिली होती. १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात दोरखंडाने बांधलेला त्याचा प्रचंड फुगा एका वेळी चाळीस-पन्नास माणसे आकाशात नेई. आणि तो बांधलेला होता त्याच त्युलरीच्या प्रांगणात! पेनोचे दुःख ज्यास कळावे असा पॅरिसमध्ये कोणी असेल तर तोच. परंतु त्याच्याकडूनही मदत मिळाली नाही. पेनोने आपले सर्व आराखडे शवपेटीच्या आकाराच्या एका लहानशा पेटीत ठेवले आणि ती पेटी जिफारच्या घरी पोहोचविली. १८८० च्या ऑक्टोबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आपल्या हातांनी आपले आयुष्य संपविले.

जिफारला दोष देण्यास लेखणी धजत नाही. त्याची दृष्टी जात चालली होती, आणि १८८२ साली त्यानेही तोच मार्ग पत्करून आपली संपत्ती राष्ट्रास ठेवली. त्याचे नाव आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या बहात्तर नावांत आहे. त्या नावांत पेनोचे नाव नाही.

परंतु बीज पेरून झाले होते. १८७८ साली, म्हणजे पेनो हयात असतानाच, अमेरिकेतील आयोवा संस्थानात बिशप मिल्टन राइट हे एका संध्याकाळी घरी आले आणि हातात लपविलेली वस्तू त्यांनी मुलांपुढे हवेत सोडली. बांबू, बूच व पातळ कागद यांचे ते खेळणे रबराच्या पिळावर गरगरत छतापर्यंत गेले. ते पेनोच्या धाटणीचे होते. विल्बर अकरा वर्षांचा होता, ऑर्व्हिल सात वर्षांचा. मुलांनी त्याचे नाव 'वटवाघूळ' ठेवले, ते मोडेपर्यंत उडविले आणि मोडल्यावर स्वतः तशीच आणखी बनविली. मोठ्या आकाराची केली तर ती उडत नाहीत, ह्या कोड्याने त्यांस गोंधळात टाकले. विमानविद्येचे वेड आपणांस त्या खेळण्याने लाविले, असे ऑर्व्हिलने पुढे स्वतः सांगितले आहे. पॅरिसमध्ये कुबड्या घेऊन धनिकांचे दरवाजे ठोठावणाऱ्या त्या तरुणास ह्याची गंधवार्ताही असणे शक्य नव्हते.

पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल राइट पहिल्या खेपेस उडाला, तो १२ सेकंद आणि १२० फूट, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर. वाचकांनी हे आकडे त्युलरीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. राइट बंधूंच्या यंत्रात जिवंत माणूस होता व पेट्रोलचे यंत्र होते, तेव्हा दोहोंची बरोबरी करणे न्यायाचे नव्हे. परंतु बाप व मुलगा यांचा चेहरा जुळावा तसे ते आकडे जुळतात. आणखी एक गोष्ट. राइट बंधूंनी वरखाली करणारे सुकाणू विमानाच्या पुढे लावले होते. १९१० साली ते त्यांनीही मागे नेले. आज बहुतेक प्रवासी विमानांचे शेपूट जेथे दिसते, तेथेच ते त्या १६ ग्रॅमच्या खेळण्यात होते.

बीजांकुरन्यायाने बीजातून अंकुर आणि अंकुरातून बीज, अशी ही परंपरा आहे. ती दोन हातांवर अवलंबून राहिली: एक पेटी घेऊन मदत न देणारा, आणि दुसरा घरी येताना खेळणे आणणारा. दोघेही भले गृहस्थ होते. फरक इतकाच की दुसऱ्याने मुलांस ते उडताना दाखविले.

हे लिहिताना आम्हांस आमचाच एक अपराध आठवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही संस्कृताच्या तासाला शब्दरूपे घेत होतो. शेवटच्या बाकावरील एका मुलाने दोऱ्याचे रिकामे रीळ, रबर आणि आगकाडी यांची एक गाडी केली होती. ती बाकावरून आपोआप सरपटत पुढे येत होती आणि सारा वर्ग रामाच्या द्विवचनाऐवजी तिच्याकडे पाहत होता. आम्ही ती जप्त केली, मुलास उभे केले आणि चार शब्द ऐकविले. वर्ष संपले. त्याने गाडी मागितली नाही, आणि आम्हीही दिली नाही. निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करताना ती हाती आली. रबर सुकून तुटले होते.

शिस्त हवीच, तासाला शब्दरूपेच व्हावीत, ह्याबद्दल आमचे मत आजही बदललेले नाही. परंतु तास संपल्यावर त्या मुलास बोलावून, "हे कसे चालते ते दाखव बरे," एवढे म्हणणे अवघड नव्हते. आमच्या वाचकांच्या घरी मुले-नातवंडे आहेत. त्यांतील कोणी रबर, काड्या आणि कागद घेऊन काही खटपट करीत बसलेले दिसले, तर अभ्यासाची आठवण जरूर करावी. मात्र त्याआधी त्याचा पीळ सुटेपर्यंत जवळ उभे राहून पाहावे. अकरा सेकंद म्हणजे काही फार वेळ नव्हे.