धूसर छायाचित्रे आणि खुली दप्तरे

‘चांद्रयान-२’चा ‘विक्रम’ लँडर ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रावर आदळला. चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्या परिसराची छायाचित्रे घेतली आणि ‘नासा’ने ती त्याच महिन्यात सर्वांसाठी खुली केली. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांनी जुनी व नवी छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा पूर्वी नसलेला एक तेजस्वी ठिपका त्यांना आढळला. तो अवघ्या एका पिक्सेलचा, म्हणजे चंद्रभूमीवर सुमारे १.३ मीटरचा होता. तो लँडरचाच अवशेष असल्याचे नासाने पडताळले आणि २ डिसेंबरला त्यांच्या नावासह जाहीर केले. आपल्या ऑर्बिटरने लँडरचा ठावठिकाणा आधीच शोधला होता, असे त्यावर ‘इस्रो’च्या अध्यक्षांनी सांगितले. त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ते छायाचित्र जनतेपुढे आलेले नव्हते. प्रश्न कौशल्याचा नव्हे, धोरणाचा आहे.

परग्रहावर फिरणाऱ्या रोव्हरच्या बाबतीत हे धोरण अधिकच महत्त्वाचे ठरते. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘अपॉर्च्युनिटी’ मंगळावर उतरले, तेव्हा त्यांची छायाचित्रे पृथ्वीवर पोहोचताच कच्च्या स्वरूपात प्रसिद्ध करण्याचा पायंडा नासाने पाडला. ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ची पहिली छायाचित्रे तर कॅमेऱ्याच्या धुळकट पारदर्शक झाकणातून घेतलेली, लहान आणि मळकट होती. तीही जगाने तशीच पाहिली.

अशा चित्रांवर हौशी मंडळी काय करतात? एकाच दृश्याच्या अनेक प्रतिमा एकावर एक रचल्या, की यादृच्छिक दोष परस्परांत विरतात आणि खरा तपशील ठळक होतो. कॅमेरा वळला तरी प्रत्येक चौकटीत त्याच जागी दिसणारा डाग भूमीवरचा नसतो, तो भिंगावरचा किंवा संवेदकातला असतो. असा डाग ओळखून बाजूला काढता येतो. निरनिराळ्या रंगगाळण्यांतून घेतलेल्या तीन कृष्णधवल प्रतिमा जुळवून रंगीत चित्र तयार होते, तर शेजारच्या चौकटी सांधून विस्तीर्ण भूदृश्य उभे राहते. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. ब्राह्मी लिपीचे कोडे १८३७ मध्ये उलगडणारे जेम्स प्रिन्सेप हे पेशाने कोलकात्याच्या टांकसाळीतील धातुपरीक्षक होते. सांचीसारख्या ठिकाणांहून अधिकारी शिलालेखांच्या प्रतिकृती त्यांच्याकडे पाठवत आणि बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्या प्रसिद्ध होत. झिजलेला लेख अनेक डोळ्यांखालून गेला, म्हणून तो वाचला गेला.

पुराभिलेखशास्त्राने आणखी एक शिस्त घालून दिली. संपादकाने अंदाजाने भरलेले अक्षर चौकोनी कंसात द्यायचे, म्हणजे दगडावर काय होते आणि वाचकाने काय जोडले, हे पुढच्या अभ्यासकाला कळते. प्रतिमांच्या बाबतीत या शिस्तीची नितांत गरज आहे. जुलै १९७६ मध्ये ‘व्हायकिंग-१’ने टिपलेल्या मंगळावरील एका टेकडीत लोकांना मानवी चेहरा दिसला. त्यातील नाकपुडीसारखा ठिपका म्हणजे प्रक्षेपणात हरवलेल्या माहितीची खूण होती. १९९८ आणि २००१ मधील अधिक स्पष्ट छायाचित्रांनी तो चेहरा पुसून टाकला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने धूसर चित्र ‘स्पष्ट’ करताना मुळात नसलेला तपशीलही बेमालूम रंगवू शकतात. म्हणूनच मूळ प्रतिमा सर्वांना उपलब्ध असणे हाच खोट्या चित्रावरचा उतारा आहे. ताडून पाहायला मूळच नसेल, तर खोटेपणा सिद्ध कशाने करायचा?

भारताने या दिशेने पावले टाकली आहेत, हे नोंदवायला हवे. ‘चांद्रयान-३’च्या लँडर व रोव्हरवरील उपकरणांची माहिती २३ ऑगस्ट २०२४ रोजी, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, सर्वांसाठी खुली झाली. तथापि तोवर चंद्रावर उतरून वर्ष लोटले होते. मोहिमेच्या दिवसांत ‘प्रज्ञान’ने टिपलेली मोजकीच छायाचित्रे जनतेपुढे आली आणि देशाची उत्सुकता शिगेला पोहोचलेली असताना जिज्ञासू विद्यार्थ्याच्या हाती काम करण्याजोगे फारसे काही नव्हते.

माहितीवर शास्त्रज्ञांचा पहिला हक्क असावा, हा आक्षेप रास्त आहे. वर्षानुवर्षे खपून उपकरण घडवणाऱ्याला निष्कर्ष मांडण्याची पहिली संधी मिळालीच पाहिजे. परंतु नासाने या पेचातून वाट काढलेली आहे: संक्षेपित छायाचित्रे तत्काळ द्यायची आणि संशोधनासाठी अंशांकित केलेली माहिती काही महिन्यांनी. त्यामुळे शास्त्रज्ञांचे नुकसान झालेले नाही.

जपानच्या सहकार्याने आखलेल्या पुढील चंद्रमोहिमेत कितीतरी जड रोव्हर जाणार आहे. ‘प्रज्ञान’ २६ किलोचा होता. प्रकाशनाचे वेळापत्रक उड्डाणापूर्वीच ठरवून जाहीर करावे. प्रत्येक छायाचित्रासोबत वेळ, कॅमेरा आणि केलेल्या प्रक्रियेची नोंद असावी. बाहेरच्या कुणी काही शोधून काढले, तर ते तपासून श्रेय देण्याची व्यवस्था असावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ला नागरिकाने मागण्यापूर्वीच माहिती खुली करणे अभिप्रेत आहे. सार्वजनिक पैशातून टिपलेले छायाचित्र धूसर असले, तरी ते सार्वजनिक दप्तरच आहे.